तिसरी पुडी

आईचं श्राद्ध होतं, आणि उदबत्ती विझेपर्यंत कुणाला ताटाला हात लावता येत नव्हता. आधी आईनं जेवायचं, मग मुलांनी. आई फोटोतून सावकाश जेवत होती. जिवंत असतानाही ती सावकाशच जेवायची. खाली चटईवर तिची चारही मुलं नुसता वास घेत बसली होती. नारळाच्या पाण्यात शिजलेलं डुकराचं मांस, त्यात तपकिरी झालेली अंडी, खिमा भरलेल्या कारल्यांचं सूप. त्या वर्षी सायगॉनमध्ये एवढं मांस एका पातेल्यात दिसणं मुश्किल होतं. धाकटा मुलगा लुआन सरकारी धान्याच्या दुकानात कामाला होता म्हणून ते दिसत होतं, आणि त्यानं ते कसं मिळवलं हे विचारायचं नाही असं सगळ्यांनी आपापलं ठरवलं होतं.

रिकाम्या पोटी थोआताईची जीभ जास्त चालायची. आतापर्यंत तिनं पाठच्या भावाला, खिएमला, दोनदा मूर्ख म्हणून झालं होतं.

"सकाळी तांदूळ आणायला गेले," ती म्हणाली. "दुकानात पोचल्यावर लक्षात आलं, पिशवी विसरले. घरी येऊन पिशवी घेऊन परत गेले तर भाव वाढलेला! एका पिशवीपायी! हा तुझा कागद, खिएम. हे तू पोरांना शिकवत होतास."

"मी असं कुठं म्हटलं, ताई? मी म्हणायचो, छापणाऱ्यानं हात आवरला तर नोट सोन्यापेक्षा..."

"तर! ऐकलंस न्यान? तुझ्या नवऱ्याचा सगळा संसार त्या 'तर'वर चाललाय."

न्याननं नवऱ्याची बाजू घेतली नाही. ती त्याच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण तो अंगात असतानाच शिवत होती, त्यामुळे खिएमला वादात हातवारेही करता येत नव्हते.

खरं तर खिएमला वाद घालायची हौस नव्हती. सत्ता बदलली त्याआधी तो विद्यापीठात पैशाचं शास्त्र शिकवायचा, आणि वर्गातही तो खिडकीकडे बघूनच बोलायचा. सोनं हा धातू आहे आणि पैसा हा विश्वास आहे, असं त्यानं एका जाड पुस्तकात लिहिलं होतं. त्यानंतर देशाच्या नोटा तीनदा बदलल्या. तिन्ही वेळा खिएमचा विश्वास शाबूत राहिला आणि पैसा गेला. पुस्तकाच्या प्रती रद्दीत गेल्या. परवा त्यानं कोपऱ्यावर शेंगदाणे घेतले, ते त्याच्याच चौथ्या प्रकरणात बांधून मिळाले. त्यानं पुडा उलगडून पान वाचलं, एक वाक्य लांबलंय असं त्याला वाटलं, आणि मग शेंगदाणे खाल्ले. आता अडुसष्टाव्या वर्षी तो एका छापखान्यात जुन्या पुस्तकांच्या बांधण्या दुरुस्त करत असे. शिकवण्यापेक्षा हे काम त्याला चांगलं जमत होतं, हे त्याला स्वतःलाही मान्य होतं.

आईच्या फोटोपुढे, केळ्यांच्या फणीशेजारी, बशीत पाच पुड्या ठेवल्या होत्या. जाड, पिवळट कागदाच्या, बोटाएवढ्या लांब, चपट्या. प्रत्येकीवर एका जुन्या पेढीचा लाल शिक्का. आत सोन्याचे पातळ पत्रे. पुडीमागे तीन तोळ्यांहून जरा जास्तच. आईनं त्या उशीच्या कापसात सांभाळल्या होत्या आणि जाताना सांगितलं होतं, "सुओंगला घर घ्या." सुओंग शेंडेफळ. लग्न केलं नाही, आईचं सगळं केलं. आता बावन्न वर्षांची होती आणि इथंच, लुआनच्या पोटमाळ्यावर पडद्यामागे झोपत होती. पुढच्या महिन्यात लुआनच्या मुलाचं लग्न होतं, आणि नवं जोडपं त्याच पोटमाळ्यावर राहणार होतं.

याच गल्लीत, चार दारं सोडून, लायबाईंचं एका खोलीचं घर विकाऊ होतं. किंमत पाच पुड्या. नोटांत किंमत सांगायचा वेडेपणा गल्लीत कुणी करत नव्हतं. खिएम सोडला तर. लायबाईंचं सामान कालच लेकीकडे मी-थो गावी गेलं होतं. दुपारची झोप झाली की त्या पुड्या न्यायला आणि किल्ली द्यायला येणार होत्या. दुसरं गिऱ्हाईकही पाच पुड्या घेऊन तयार होतं, हे त्यांनी दोनदा सांगून ठेवलं होतं.

सुओंग सकाळपासून सूप ढवळायला उठायची आणि परत बसताना दरवेळी बशीकडे बघायची.

थोआताईनं पिशवीतून आईसाठी जाळायच्या नोटांचे गठ्ठेच्या गठ्ठे काढले. पातळ कागद, वर सोनेरी पट्टा, मेलेल्यांच्या मुलखात चालणाऱ्या.

"ताई," खिएम हळूच म्हणाला, "आईला मात्र कागद?"

"तिथं छापणारे वेगळे आहेत," थोआताई फटकन म्हणाली. "त्यांचा मला भरवसा आहे."

सगळे हसले. सुओंगसुद्धा हसली. खिएमला वाटलं, दिवस बरा जाणार. त्याला असं वाटलं की न्यान सावध व्हायची. तिनं बटणाचा दोरा दातानं तोडला आणि त्याच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात लुआन उठला. फोटोपुढे वाकला, बशीतल्या पुड्या एकेक करून हातात घेतल्या. तिसरीशी थांबला. ती उजेडाकडे नेली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"ताई, हिचा शिक्का जरा ठळक नाही वाटत?"

"म्हणजे?"

"नाही, आपलं सहज. बाकीच्या चारांचे फिकट झालेत. ही नवी वाटते."

"उशीत मधे असेल. घासली नसेल."

"असेल. बाजारात हल्ली पितळेचे पत्रे घालून पुड्या बनवतात म्हणे. शिक्क्यासकट."

थोआताईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "आई गेल्यापासून पुड्या माझ्याकडे होत्या, लुआन."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तू तेच म्हटलंस. मी बदलली, असंच ना? गेल्या पावसाळ्यात माझं कापडाचं दुकान बंद पडलं होतं, हे तुला बरोबर आठवलं!"

"मी आठवलं नाही. तू आत्ता आठवण दिलीस."

"भाऊजी!" न्यान म्हणाली. "आज कुठला दिवस आहे?"

"वहिनी, मला काय हौस आहे? उद्या पुडी खोटी निघाली तर लायबाई कुणाचं दार ठोठावणार? ताई तिकडे चोलोनला. दादांच्या दाराशी कुणी पैशासाठी जात नाही. उरलो मी."

थोआताई उभी राहिली. चपला शोधू लागली. "मी जाते. आईनं जेवून घ्यावं, तुम्ही जेवून घ्यावं. पुड्या नाहीतर उकिरड्यावर टाका. चोराच्या हातचं घर सुओंगला कशाला?"

"ताई, बस ना," सुओंग म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तो फक्त खिएमला ऐकू आला.

आणि इथे खिएमला सुचलं. सुचण्याच्या बाबतीत त्याचा इतिहास चांगला नव्हता, हे त्याला माहीत होतं. पण समोर ताई रडकुंडीला आलेली, लुआन हट्टाला पेटलेला, सुओंगचे हात झग्याच्या टोकात गुंतलेले. काहीतरी करायला हवं होतं, आणि या घरात शिकलेला म्हणून तोच होता.

"अरे, यात भांडण कसलं?" तो म्हणाला. "माझा सोन्याशी कितीही वाद असो, त्याचा एक गुण मी नेहमी मान्य केलाय. नोटेच्या आत काय आहे ते बघता येत नाही. सोनं उघडून बघता येतं. बघू या. आत सोनं असलं तर लुआन ताईची माफी मागेल. संपलं."

"उघडू नकोस," थोआताई म्हणाली.

"का? तुला भीती वाटते?"

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. थोआताई आयुष्यात कशाला भ्यायली नव्हती, आणि लुआन तिच्याकडे बघत होता.

"उघड!" ती म्हणाली. "बघ! सगळ्यांनी बघा!"

खिएमनं पिशवीतून बांधणीची पातळ सुरी काढली. हे काम त्याला येत होतं. शंभर वर्षांच्या पुस्तकाची पानं तो एकमेकांपासून अलगद सोडवायचा. एक कपटा निघायचा नाही. त्यानं घडीखाली सुरीचं टोक घातलं, श्वास रोखला. तेवढ्यात दम्याची एक लहानशी ढास आली. कागद वाळक्या पानासारखा होता. तो शिक्क्याच्या बरोब्बर मधून फाटला.

आत तीन पत्रे होते. दोन मोठे, एक लहान, एकमेकांवर बसलेले. दुपारच्या उन्हात ते असे झळकले की शंकेला जागा नव्हती. लुआननं हात लावला, पत्रा जरा वाकवला, मान खाली घातली.

"सोनं आहे," तो म्हणाला. "चुकलो, ताई."

"झालं!" खिएम म्हणाला. त्याला फार बरं वाटलं. चाळीस वर्षांच्या अभ्यासाचा या कुटुंबाला पहिल्यांदाच काही उपयोग झाला होता. तो शाबासकीसाठी वळला, आणि कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे फाटलेल्या कागदाकडे बघत होते.

"अहो," न्यान म्हणाली, "शिक्का फाटला."

"फाटू दे. सोनं तेवढंच आहे."

"तेवढंच आहे हे तुला माहीत, मला माहीत," थोआताई म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "उघड्या पुडीचे पत्रे कुणीही कडेनं कातरू शकतो. उघडी पुडी कुणी पुडी म्हणून घेत नाही. सोनार मोड म्हणून घेतो, आणि मोडीचा भाव देतो. पेढी तर केव्हाच बंद झाली. हा शिक्का आता जगात कुणी मारणार नाही."

"पण मग... तुम्ही सोन्यावर नाही, कागदावरच..." खिएमच्या तोंडून निघून गेलं. चाळीस वर्षं तो हा मुद्दा शोधत होता. एवढा नेमका पुरावा त्याच्या पुस्तकात कुठंच नव्हता. "ताई, म्हणजे तुमचा सगळ्यांचा विश्वास कागदावरच होता की!"

आयुष्यात पहिल्यांदा तो वाद जिंकला होता.

सुओंग उठली. तिनं कारल्याच्या सुपाखालचा विस्तव ओढून घेतला. "दादा, तुमचं बरोबरच असेल," ती पाठमोरी म्हणाली. "मला फक्त एक दार हवं होतं. आपलं आपण लावता येणारं."

खिएमला आपण फाटलेल्या कागदाइतकेच आहोत असं वाटलं. नंतर वाटलं, कागद निदान आधी काहीतरी सांभाळत तरी होता.

उदबत्ती केव्हाच विझली होती. जेवायला वाढलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. थोआताईनं स्वतःचं अंडं लुआनच्या वाटीत घातलं, त्यावरून खिएमनं ओळखलं की त्या दोघांचं जुळलं. आणि त्या दोघांचं जुळलं म्हणजे आता आपली पाळी.

"दादा," लुआन गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही पुस्तकांची फाटलेली पानं जोडता ना? कळतसुद्धा नाही म्हणे."

"जोडतो. भाताच्या खळीनं. मागून पातळ कागद लावतो."

"भात हा आहे," थोआताईनं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

खिएमच्या लक्षात यायला वेळ लागला. "म्हणजे मी... शिक्का?"

"आत सोनं खरं आहे ना? मग फसवणूक कुठली?" थोआताई म्हणाली. "कागद पहिल्यासारखा करायचा, बस्स. कुणाचं एक पैशाचं नुकसान नाही."

"मगाशी तुम्ही दोघं भांडत होता," खिएम म्हणाला.

"मगाशी तू पुडी फाडली नव्हतीस."

त्यानं फाटलेला कागद हातात घेतला. धागे चांगले होते. चीरही सरळ होती. तासाभरात जमलं असतं. खळ आटवायची, मागून चिकटवायचं, उन्हात दाबून ठेवायचं. कुणाला कळलं नसतं. तो न्यानकडे बघू लागला. ती म्हणाली, "मला विचारू नका. खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात, एवढंच मला माहीत आहे."

त्यानं भाताची दोन शितं बोटात चुरली. सुओंग दाराच्या चौकटीशी उभी होती, नको म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. तिच्यासाठी त्याला ते करावंसं वाटलं. आपण प्रामाणिक आहोत असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आपण भित्रे आहोत, आणि भित्र्या माणसाला प्रामाणिक राहणंच कमी त्रासाचं पडतं, असा त्याचा स्वतःविषयीचा अंदाज होता. शितं बोटांत वाळत आली तरी त्याचा निर्णय होईना.

"सर आलेत वाटतं!" दारातून लायबाईंचा आवाज आला. ठेंगण्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात किल्ली.

खिएम ताडकन उठला. "एक पुडी फाटली," तो म्हणाला. "मी फाडली. आत सोनं पूर्ण आहे. बसा."

लुआननं डोळे मिटले. थोआताई आईच्या फोटोकडे बघून पुटपुटली, "तूच जन्म दिलास याला."

लायबाई बसल्या नाहीत. त्यांनी बशी पाहिली, पत्रे पाहिले, कागद पाहिला. "चार शाबूत, एक उघडी. थोआताई, हे कसं चालायचं? मला हे मोडायचं नाहीये. माझ्या म्हातारपणाला आणि क्रियाकर्माला ठेवायचंय. मी गेल्यावर मुलगा विकेल. त्याला लोक विचारतील, ही उघडी का?"

"खरंय," थोआताई म्हणाली.

"मग मी त्या दुसऱ्यांनाच..." लायबाई वळल्या. सुओंगनं वाट दिली. नुसती बाजूला झाली. लायबाई तिच्यापाशी थांबल्या, जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, आणि परत फिरल्या.

"सर, उघडलीत तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

"की भांडण मिटेल," खिएम म्हणाला.

लायबाई हसू लागल्या. हसता हसता टेकल्या. "मागे नोटा बदलल्या तेव्हा हे आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांचे पैसे घेऊन रांगेत उभे राहिले होते, आठवतं? सगळ्यांचे मोजून आणून दिले. आणि स्वतःचे? स्वतःचे घरी उशाखाली विसरून गेले होते!"

"ते सांगायची गरज नाही," खिएम म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

"तेच सांगायची गरज आहे. सर, तुमच्याकडे जाड कागद आहे?"

"बांधणीचा आहे."

"हे पत्रे त्यात बांधा. वर लिहा, आत माल पूर्ण आहे, कमी निघाला तर मी भरून देईन. आणि सही करा. घेते मी."

खिएमनं हात जोडले. "बाई, तसं नका करू. माझ्या सहीला काय किंमत? मला छापखान्यात महिन्याला जे मिळतं त्यात पुढच्या महिन्यात काय येईल तेही सांगता येत नाही. दमा आहे. तुमच्याआधी मी जाणार. मीच माझ्यावर विश्वास ठेवला नसता."

"हेही खरं," लायबाई विचारात पडल्या. "मग सगळ्यांच्या घ्या. एक मेला तर दुसरा राहील."

"माझी कशाला?" लुआन म्हणाला.

"तुझ्या अंगठ्यानं सुरुवात झाली म्हणून," थोआताई म्हणाली.

खिएमनं कागद कापला. पत्रे एकावर एक ठेवून घडी घातली, या वेळी एकही सुरकुती न पाडता. मजकूर लिहिला. एक वाक्य लांबलं होतं, ते कापलं. सही केली, पण नाव त्याचं त्यालाच खोटं वाटलं. त्यानं ते खाली पुन्हा एकदा लिहिलं. त्याखाली न्याननं, न विचारता. मग पेन लुआनकडे गेलं. तो कागदाकडे बघत राहिला. त्या ओळीखाली सही करणं म्हणजे ताईच्या सोन्याला आयुष्यभर जामीन राहणं, हे त्याला कळत होतं, आणि ते त्याला कळतंय हे ताईला कळत होतं.

"माफी तोंडी मागितली होतीस," ती म्हणाली. "आता लेखी."

त्यानं सही केली. शेवटी थोआताई. तिनं जन्मात कुठल्या कागदावर विश्वास ठेवला नव्हता. पेन मुठीत धरून, जीभ ओठांत दाबून, तिनं मोठ्या अक्षरात नाव काढलं आणि त्यावर फुंकर मारली.

"खिएम, हसलास तर बघ."

"नाही हसत."

लायबाईंनी पाचही पुड्या रुमालात बांधल्या. शेवटची त्यांनी उघडून पाहिली नाही. किल्ली सुओंगच्या हातात ठेवली आणि जाता जाता दारात थांबल्या.

"सर, आता जपून राहा हो. इतक्यात मरू नका."

त्या गेल्या, आणि खिएमच्या घरातल्या स्थानात एकदम फरक पडला. थोआताईनं त्याच्यासमोरची सिगारेट उचलून बाहेर फेकली. लुआननं त्याच्या वाटीत मांसाचा मोठा तुकडा टाकला. न्याननं दम्याचं औषध पुढे केलं. आपली काळजी हे लोक इतकी वर्षं का करत नव्हते ते त्याला आत्ता समजलं. आजवर तो कुणाच्याच तारणात नव्हता.

"चला," सुओंग म्हणाली. "बघायला."

सगळे निघाले. खिएमला भिंतीच्या सावलीतून चालवलं. चार दारं सोडून निळं दार होतं, रंग उडालेलं. सुओंगनं किल्ली त्याच्यापुढे धरली. "दादा, भावांत तुम्ही थोरले. तुम्ही उघडा."

"नको," खिएम म्हणाला. "मी आज बरंच उघडलंय."

तिनं स्वतः उघडलं. कुलूप करकरलं. ती आत गेली, एक क्षण रिकाम्या खोलीच्या मध्ये उभी राहिली. मग वळली, आणि त्या सगळ्यांच्या तोंडासमोर दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बाहेर गल्लीत चौघं उन्हात उभी राहिली.

"सुओंग!" लुआननं हाक मारली. "अगं, दादांना ऊन लागतंय!"

तो ठोठावायला हात वर करणार, तेवढ्यात खिएमनं त्याचं मनगट धरलं.

"लागू दे," तो म्हणाला.